पाच नंबरचा पाय

गल्लीला ती पहिल्यांदा दिसली ती दोन पायांत दोन वेगळे बूट घालून. डाव्या पायात तपकिरी, उजव्या पायात काळा. सकाळी सातची वेळ. शिंप्याच्या दुकानापासून कोपऱ्यावरच्या नळापर्यंत गल्लीला चांगला उतार आहे. त्या उतारावरून ती खाली गेली, वळली, वर आली, पुन्हा खाली गेली. मध्येच शिंप्याच्या पायरीवर चवड्यांवर उभी राहिली, डोळे मिटले आणि मान हलवली. आतून कोणी तरी काही सांगतंय आणि तिला ते पटत नाहीये, असं वाटावं.

शिंप्याने तोंडातली टाचणी काढली. "काही हरवलंय का, ताई?"

"नाही हो. टाच बोलतेय."

"कोणाशी?"

"माझ्याशीच. सपाटीवर गप्प असते, उतार आला की कुरकुरते."

शिंप्याने टाचणी परत तोंडात ठेवली. ती गेल्यावर त्याने शेजाऱ्याला सांगितलं, की नवीन भाडेकरू वायरमन आहे तो माणूस सज्जन, पण त्याच्या बायकोचा वरचा मजला रिकामा दिसतो.

दोन दिवसांनी उलगडा झाला, की हे तिचं कामच होतं. बायकांचे बूट बनवणाऱ्या एका कारखान्यात ती चालायच्या कामावर होती. नवा नमुना बाजारात जाण्याआधी कोणाच्या तरी पायात जाऊन यावा लागतो. तिथे पहिला नमुना बनायचा तो पाच नंबरचा, आणि त्यावरून पुढचे-मागचे सगळे नंबर निघायचे. पाच नंबर चुकला की सगळं खानदान चुकलं. तिचा पाय नेमका पाच नंबरचा होता. लांबीला, रुंदीला, चवड्याच्या घेराला, कुठेही सूतभर इकडे-तिकडे नाही. कारखान्यात तिला नावाने हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. मालकापासून फाटकावरच्या रखवालदारापर्यंत सगळे 'पाचनंबर' म्हणत. सवयीने ती घरी फोन उचलूनही "पाचनंबर बोलतेय" म्हणायची, आणि पलीकडचा माणूस "चुकून लागला" म्हणून ठेवून द्यायचा.

कारखान्यातली चालायची खोली लांबलचक होती. एक वाट लाकडी फळ्यांची, शेजारी एक फरशीची, तिच्या शेजारी खडीची, आणि टोकाला सात पायऱ्या. त्या पायऱ्या कुठेच जात नव्हत्या; चढायचं, भिंतीकडे बघायचं, उतरायचं. उतार तेवढा त्या खोलीत नव्हता, म्हणून गल्लीचा उतार तिने फुकटात कामाला लावला होता. सकाळभर ती चालायची आणि दुपारी बसून शेरे लिहायची. 'डाव्या करंगळीला शिवण लागते.' 'तिसऱ्या पायरीनंतर टाच वर येते.' हे कागद जायचे साचेवाल्याकडे. पायाच्या आकाराचा जो लाकडी साचा असतो, ज्याच्यावर बूट ओढून बसवतात, तो घडवणारा हा माणूस. वय साठीच्या पुढे, चष्मा जाड, बोलणं मोजकं. ती म्हणाली 'इथे', की तो तिथे कानस चालवायचा. नऊ वर्षांत तिचा शब्द एकदाही खोटा पडला नव्हता आणि त्याने एकदाही उलट विचारलं नव्हतं.

मग तिला मुलगी झाली. त्या दिवसांत पाय सुजले. सगळ्यांचेच सुजतात, असं सगळ्यांनी सांगितलं, आणि सूज उतरेल असंही सांगितलं. सूज उतरली. पाच महिन्यांनी ती कामावर आली, नवा नमुना पायात चढवला, चार पावलं चालली आणि म्हणाली, "चवड्यात आवळतोय."

साचेवाल्याने साच्याच्या चवड्यावर चामड्याची पातळ चकती चिकटवून तो फुगवला. पुढच्या आठवड्यात दुसरा नमुना. तोही आवळला. पुन्हा चकती. असे चार नमुने तिच्या पायाखालून बाजारात गेले.

मोसम लागला आणि बूट परत यायला लागले. आधी दोन-चार, मग खोकी भरभरून. प्रत्येक खोक्यावर एकच तक्रार, टाच निसटते. एका गिऱ्हाइकिणीने लिहिलं होतं, 'मी पुढे जाते, बूट मागे राहतो.' मालकाचं डोकं फिरलं. दोष उघड होता. साचे ढिले झाले होते आणि साचे म्हाताऱ्याने केले होते.

"नजर गेली त्याची," मालक सगळ्यांसमोर म्हणाला. "महिना संपला की घरी बसू दे."

गंमत म्हणजे साचेवाल्यालाही ते पटलं. चष्मा पुसत तो तिला म्हणाला, "हातानेच दगा दिला बहुतेक. कळलंच नाही बघ." तिला वाईट वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. कोणाच्या मनात दुसरी शंकासुद्धा आली नाही.

रविवारी कुठेसं जायचं म्हणून तिने कपाटावरचा डबा काढला. मुलगी होण्याआधीचे तिचे आवडते बूट त्यात होते. घरात सपाता, कामावर नमुने, त्यामुळे वर्षभर ते पायात गेलेच नव्हते. तिने पाय घातला. पाय गेला नाही. दुसरा घातला, तोही अडला.

"बूट आटले वाटतं," नवरा म्हणाला.

"बूट आटत नाहीत," ती म्हणाली आणि तिने स्वतःच्या पायांकडे बघितलं.

सोमवारी ती तडक साचेवाल्याच्या खोलीत गेली. तिथे भिंतीवर एका कागदावर तिच्या पायाची पेन्सिलने काढलेली कड टांगलेली होती, खाली ती कामाला लागली त्या दिवसाची तारीख. तिने नवा कागद जमिनीवर टाकला, त्यावर अनवाणी उभी राहिली आणि म्हणाली, "काढा." त्याने पेन्सिल फिरवली. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. नवी रेघ जुन्या रेघेच्या बाहेरून निघाली होती, चवड्याशी तर चांगली दोन रेघांएवढी बाहेर.

मग साचेवाला म्हणाला, "फाडून टाक. मी काय, आज ना उद्या जायचाच आहे. तुझं लेकरू लहान आहे."

"आणि तुम्ही जन्मभर नजर गेली म्हणून चष्मा पुसत बसणार?" ती म्हणाली. कागद घेऊन ती मालकाकडे गेली आणि टेबलावर पसरून म्हणाली, "साचा बरोबर होता. पाय चुकला. माझा."

मालक वाईट माणूस नव्हता. त्याने म्हाताऱ्याला ठेवलं, त्याची माफीही मागितली. पण साडेपाच नंबरच्या पायाचं करायचं काय? त्याने तिला खोकी भरायच्या कामावर बसवलं. परत आलेले बूट पुसून, कागदात गुंडाळून ठेवायचे. प्रत्येक खोक्यावर तीच चिठ्ठी, टाच निसटते. स्वतःचाच नापास झालेला पेपर रोज उघडून वाचायचा, असं ते काम होतं. सहा दिवस तिने ते केलं. सातव्या दिवशी राजीनामा दिला.

गावात बुटांचे आणखी तीन कारखाने होते. पाय गेला तरी बोटं होती, डोकं होतं; बुटात हात घालून ती सांगू शकत होती, तो कोणाला कुठे चावेल. तपासणीचं काम मिळालं तर बस. ते नाही मिळालं, तर नणंदेच्या सासऱ्यांचं खेळण्यांचं दुकान होतं. तिथे गल्ल्यामागे उभं राहायचं. ती म्हणायची, "नऊ वर्षं चाललेय मी. आता उभं करून ठेवणार मला?"

पहिल्या कारखान्यात विचारलं, आधीची नोकरी का सोडली?

"पाय वाढला म्हणून," तिने सांगितलं.

मुलाखत घेणारा गृहस्थ खुर्चीतून उठला. मग त्याने शेजारच्या खोलीतल्या दोघांना बोलावलं आणि म्हणाला, "यांना पुन्हा सांगा." तिने पुन्हा सांगितलं. तिघे पोट धरून हसले. एकाने विचारलं, अजून वाढतोय का? मग "कळवतो" म्हणाले आणि कळवलं नाही.

तेव्हा नणंदेने सूत्रं हातात घेतली. नणंद एका कचेरीत होती, तीन नोकऱ्या बदललेली, मुलाखतींचा तिला चांगलाच सराव. "अगं वहिनी, खरं कारण कोणी सांगतं का? घरगुती कारण म्हणायचं. त्यावर कोणी बोट ठेवत नाही."

दुसऱ्या कारखान्यात ती 'घरगुती कारण' म्हणाली. समोरच्या माणसाने विचारलं, घरी लहान मूल आहे का. आहे, म्हणाली. "मग ते कारण पुन्हा उगवणारच की," तो म्हणाला आणि फाईल मिटली.

खरं सांगून हसू झालं होतं, खोटं सांगून दार बंद झालं होतं. राहिला एक कारखाना, गावातला सगळ्यात मोठा. मुलाखत शुक्रवारी दुपारी चारला. गुरुवारी संध्याकाळी नणंद स्वयंपाकघरात पोळपाट बाजूला सारून साहेब होऊन बसली.

"बोला बाई, आधीची नोकरी का सोडलीत?"

"ताई, मला हसू येतंय."

"हसायचं नाही. म्हणायचं, मला अधिक जबाबदारीच्या कामाची ओढ आहे."

"मला अधिक जबाबदारीच्या… ताई, जबाबदारीनेच तर घात केला ना!"

"ते त्यांना कशाला? म्हण."

तिने म्हटलं. मांडीवरच्या मुलीला थोपटत दहा वेळा म्हटलं. नवरा दाराशी उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "एवढ्या वेळा ऐकून मलाच ओढ लागायला लागली." नणंदेने त्याला लाटणं दाखवलं.

शुक्रवारी चार वाजता ती त्या कारखान्यात टेबलासमोर बसली. पलीकडे दोघे होते. एक व्यवस्थापक, चकचकीत बूट, चकचकीत टक्कल. दुसऱ्या होत्या साचेघराच्या बाई, साचे घडवणाऱ्यांच्या मुख्य. पन्नाशीच्या, अंगात कामाचा झगा, नखांत लाकडाचा भुसा. व्यवस्थापक बोलत होता. बाई गप्प होत्या आणि त्यांचा चेहरा सांगत होता, की त्यांना इथे जबरदस्तीने बसवलंय. टेबलावर एक नवा कोरा बूट होता.

"नऊ वर्षं एका ठिकाणी," व्यवस्थापक कागद बघत म्हणाला. "मग सोडलंत का?"

"मला अधिक जबाबदारीच्या कामाची…" ती म्हणाली. आणि बोलता बोलता सवयीने तिचा हात टेबलावरच्या बुटात गेला. बोटं टाचेपर्यंत गेली, वळली, चवड्याशी आली आणि थांबली. वाक्यही तिथेच थांबलं.

"कामाची काय?" व्यवस्थापकाने विचारलं.

"ओढ," ती म्हणाली. "पण ते खरं नाही साहेब. माझ्या नणंदेने शिकवलंय. खरं सांगू?"

साचेघराच्या बाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

तिने सगळं सांगितलं. बाळंतपण, चकत्या, परत आलेली खोकी, चष्मा पुसणारा म्हातारा, काचेवर धरलेले दोन कागद. काहीही गाळलं नाही, काही वाढवलंही नाही.

"म्हणजे एका मोसमाचा माल तुमच्या पायी गेला," व्यवस्थापक म्हणाला.

"चार नमुने. हो, माझ्याच पायी."

"आणि हे तुम्ही मुलाखतीत सांगताय?"

"तुम्ही विचारलंत."

"बाई, असं कारण मी वीस वर्षांत ऐकलं नाही. ज्या चुकीसाठी माणसं दुसऱ्याकडे बोट दाखवतात…" तो थांबला आणि त्याने घड्याळाकडे बघितलं. "बरं. कळवू तुम्हाला."

तो शब्द तिच्या ओळखीचा होता. ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळली. काम हातचं गेलंच आहे, तर मनात ठेवून कशाला जायचं?

"एक विचारू? या बुटाची टाच निसटते ना?"

व्यवस्थापकाने बाईंकडे बघितलं, बाईंनी त्याच्याकडे. त्या नजरेत गेल्या सहा महिन्यांची भांडणं होती.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" व्यवस्थापकाने विचारलं.

"बुटाने. चवड्यात नखभर जागा जास्त आहे. तुमच्याकडे चालून कोण बघतं? आणि तिचा पाय शेवटचा कधी मोजलाय?"

"लागली तेव्हा मोजला असेल," व्यवस्थापक म्हणाला. "पाय काय रोज मोजायची गोष्ट आहे?"

साचेघराच्या बाई एकदम उभ्या राहिल्या. "बोलवा तिला," त्या म्हणाल्या. "आत्ता बोलवा. सहा महिने माझ्या साच्यांना नावं ठेवताय तुम्ही."

चालणारी आली. तिशीची, गोड चेहऱ्याची, घाबरलेली. सात वर्षांपूर्वीचा तिचा कागद फाईलीतून निघाला. साचेघराच्या बाईंनी स्वतः गुडघे टेकून नवी कड काढली आणि दोन्ही कागद खिडकीला लावले. रेघ बाहेर गेली होती. फार नाही, नखभर.

चालणारीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "म्हणजे माझी नोकरी गेली?"

पाचनंबर तिच्याकडे बघत राहिली. हा चेहरा तिने आरशात बघितला होता. तिने हळूच विचारलं, "तू बूट घालून बघतेस ते कधी? सकाळी?"

"नाही. सहा महिन्यांपासून नमुने माझ्याकडे येतातच दुपारी. जेवणं झाली की मी चालते."

"आणि सकाळभर काय करतेस?"

"शिलाईत मदत करते. उभ्याने."

"हात्तिच्या!" पाचनंबर एवढ्या मोठ्याने म्हणाली, की व्यवस्थापक दचकला. "साहेब, तिचा पाय वाढलेला नाही, थकलेला आहे. सकाळभर उभं राहिलं की दुपारी पाय फुगतो. माझाही फुगायचा, म्हणून आमचे साचेवाले मला जेवणानंतर बुटाला हात लावू द्यायचे नाहीत. उद्या सकाळी मोजा. कामाला लागायच्या आधी, आल्या आल्या."

"आणि उद्याही बाहेर गेला तर?"

"तर मला कळवू नका," ती म्हणाली. "आणि नाही गेला तर हिला रडवलंत त्याबद्दल चहा पाजा."

शनिवारी सकाळी तिला कोणी बोलावलं नव्हतं, तरी आठच्या ठोक्याला ती कारखान्याच्या फाटकाशी हजर होती. रखवालदाराने विचारलं, काय काम? ती म्हणाली, "एक पाय बघायचाय." तो अजून विचारच करत होता, तेवढ्यात आतून साचेघराच्या बाई धावत आल्या. झगा अर्धाच घातलेला, हातात दोन कागद. बोलायला त्यांना दम पुरत नव्हता. त्यांनी ते कागद तिथेच फाटकावर, उन्हात, एकावर एक धरले.

रेघेवर रेघ बसली होती. सात वर्षांत तसूभर फरक नव्हता.

"आत चला," बाई म्हणाल्या. "साहेब चहा मागवतायत. सगळ्यांसाठी."

आत व्यवस्थापकाने दोनच प्रश्न विचारले. पहिला, पाय किती दिवसांनी मोजावा? "दर सोमवारी, आल्या आल्या," ती म्हणाली. "बाळंतपणानंतर तर दर दिवशी." दुसरा, हे सगळं बघायला कधीपासून येता?

"पण तपासणीच्या जागेसाठी मुलाखत होती ना?" ती गोंधळली.

"ती जागा दुसऱ्या कोणाला देऊ," साचेघराच्या बाईच मध्ये बोलल्या. "चालायच्या खोलीला आजवर मुख्यच नाही. जिचा पाय चुकला तर ती स्वतः येऊन सांगेल, अशी बाई मला तिथे हवी आहे. साहेब, तुमचं काय म्हणणं?"

साहेबांचं काहीच म्हणणं नव्हतं. ते चहात बिस्किट बुडवत होते आणि ते बुडून बसलं होतं.

ती घरी आली तेव्हा नणंद दारातच उभी होती. "मिळाली?"

"मिळाली. खोलीची मुख्य."

"वाक्य म्हणालीस ना माझं?"

"अर्धं म्हणाले, ताई."

"बघ!" नणंद भावाकडे वळून म्हणाली. "अर्ध्यात काम झालं. पूर्ण म्हणाली असती तर कारखानाच दिला असता." आणि त्या दिवसापासून कोणाचीही मुलाखत असली, की नणंद शिकवायला जाते आणि वहिनीचं उदाहरण देते. वाक्य मात्र अजून तेच आहे.

तिच्या पहिल्याच मोसमात परत आलेली खोकी मोजायला एका हाताची बोटं पुरली. पुढच्या वर्षी, तिला बोलावून हसणाऱ्या त्या पहिल्या कारखान्यातून निरोप आला, तुमची पाय मोजायची पद्धत आमच्या लोकांना दाखवाल का? ती गेली. तेच तिघे समोर बसले होते. ती बोलू लागली आणि ते खाली मान घालून लिहून घेऊ लागले. एकाने आदराने विचारलं, की ही गोष्ट तुमच्या लक्षात आली तरी कशी?

"पाय वाढला म्हणून," ती म्हणाली. या वेळी कोणी हसलं नाही, त्यामुळे मग तीच हसली.

आज त्या खोलीत तिच्या हाताखाली सात जणी चालतात. त्यांतली एक सध्या बाळंतपणाच्या रजेवर आहे, आणि तिची जागा तिच्यासाठी राखून ठेवलेली आहे.